बोटांना विचारून घ्या

लॅपटॉप घ्यायला गेलेला माणूस दुकानात रॅम विचारतो, प्रोसेसर विचारतो, बॅटरी किती तास टिकेल ते विचारतो. मुलीच्या कॉलेजसाठी पैसे जमवून आलेले आईवडील कुणा जाणकाराने लिहून दिलेली यादीच पुढे करतात. त्या यादीत कीबोर्ड नसतो. कीबोर्ड काय, सगळ्यांनाच असतो आणि सगळ्यांचा सारखाच असतो, असे आपण धरून चालतो. ही समजूत महागात पडते. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीसारख्या तालुक्यांत राहणाऱ्यांना तर जरा जास्तच.

मी डिचोलीत राहून अनुवादाचे काम करते, म्हणजे दिवसभर मराठी टाइप करते. पंचायतीतले कारकून, वकिलांकडचे टायपिस्ट, बातमीदार, डीटीपीवाले, मांद्रे-हरमलच्या बाजूला खोली घेऊन घरून काम करणारी मुले, आम्ही सगळे एकाच जातकुळीचे. लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते आम्हाला कधी दिसत नाही. आमचा त्याच्याशी सगळा व्यवहार चालतो तो या बटणांवर. ती नीट दबत नसतील तर महागातला प्रोसेसर आमच्या काय कामाचा?

बटणाखाली काय असते ते एकदा समजून घ्यावे. वर दिसते ती प्लॅस्टिकची टोपी. तिच्याखाली कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या दोन बारीक पट्ट्या. बटण कोपऱ्यावर दाबले तरी सरळ खाली जावे, ही त्यांची जबाबदारी. त्यांच्या मधोमध रबराची छोटी घुमटी, जी दबते आणि परत उसळते. त्याखाली प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांचे तीन थर. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहणाऱ्या शाईने छापलेल्या रेषा, मधल्या थराला भोके. बटण दाबले की भोकातून दोन रेषा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटते. सगळ्यांच्या तळाशी धातूचा पत्रा. कीबोर्ड चांगला की सुमार, हे यातल्या प्रत्येक थरावर ठरते. पत्रा पातळ असला की मधली बटणे दाबताना अख्खा कीबोर्ड खाली वाकतो. रबर हलके असले की वर्ष-दोन वर्षांत उसळी मरते. टोपीवरची अक्षरे नुसती छापलेली असली तर पुसली जातात, लेझरने कोरलेली टिकतात.

आणखी एक मोजमाप आहे, बटण किती खोल दबते त्याचे. जुन्या जाडजूड लॅपटॉपांत ते दोन मिलिमीटरच्या वर असायचे, आता दीड किंवा त्याहूनही कमी. पातळपणाच्या हौसेपायी अ‍ॅपलने २०१५ साली मॅकबुकमध्ये ‘बटरफ्लाय’ नावाची नवी रचना आणली. तिची बटणे जेमतेम अर्धा मिलिमीटर दबायची. धुळीचा एखादा कण आत शिरला की बटण अडकायचे, नाहीतर एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटायचे. ग्राहकांच्या तक्रारी वाढत गेल्या. जून २०१८मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९च्या अखेरीस ती पुन्हा कात्रीच्या रचनेकडे वळली, आणि अमेरिकेतल्या ग्राहकांनी लावलेला दावा २०२२ साली ५ कोटी डॉलरवर मिटला. एवढ्या मोठ्या कंपनीचा एवढा महाग लॅपटॉप, आणि घोडे अडले ते बटणात.

दुसरे उदाहरण थिंकपॅडचे. आयबीएमने १९९२ साली बाजारात आणलेला आणि २००५पासून लेनोवोकडे असलेला हा लॅपटॉप कीबोर्डसाठीच नावाजलेला. पण त्याचेही कीबोर्ड एका कारखान्यातून येत नव्हते. एकाच मॉडेलला जपानच्या एनएमबीचा किंवा आल्प्सचा, नाहीतर तैवानच्या चिकोनीचा कीबोर्ड लागलेला असे. वरून पाहिले तर तिन्ही सारखे. टाइप करायला बसले की फरक कळे. एक घट्ट, एक जरा पोकळ, एकाचा आवाज वेगळा. जाणकार लोक कीबोर्ड उलटा करून मागच्या लेबलवर बनवणाऱ्याचे नाव आणि पार्ट नंबर वाचायचे आणि हवा तोच मागवायचे. लॅपटॉपच्या झाकणावर ज्या कंपनीचे नाव असते ती बहुधा कीबोर्ड स्वतः बनवत नाही, हे लक्षात ठेवले तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

आता आपल्या गोव्याचे पाहू. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी धरते त्या हवेत कीबोर्डच्या आतल्या चांदीच्या शाईच्या रेषाही काळवंडतात. पेडण्याच्या किनाऱ्याला, केरी-हरमल-मोरजीला, त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. डिचोलीच्या खाणपट्ट्यात खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ. पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत घालून आठवडाभर ठेवून देण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवावा, त्याच्या स्वतःच्या उबेने ओल सुटते. काम झाले की वर सुती कापड घालावे आणि महिन्याकाठी मऊ ब्रशने बटणांच्या फटी झाडाव्यात.

एवढे करूनही गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची चार-पाच बटणे एकाच दिवशी गेली. बटणे एकमेकांपासून लांबची होती, पण आतल्या छपाईत ती एकाच रेषेवर असतात. रेष तुटली की सगळी सोबत जातात. कुठे दुखते आहे ते यावरून ओळखता येते. एकच बटण अडत असेल तर कचरा किंवा कात्रीची पट्टी. गट बंद पडला तर पापुद्र्यावरची रेष. सगळाच कीबोर्ड मुका झाला तर आधी त्याची रिबन, म्हणजे त्याला लॅपटॉपशी जोडणारी चपटी पट्टी, तपासावी.

अधिकृत सेवा केंद्र गाठायचे म्हणजे आम्हाला म्हापसा नाहीतर पणजी. तिथे गेले तर उत्तर मिळाले की कीबोर्ड सुटा येत नाही, बटणांभोवतीचे सगळे वरचे कव्हर बदलावे लागेल. किंमत ऐकली तर तेवढ्यात वापरलेला एक लॅपटॉप येईल. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पूर्वी कीबोर्ड चार-सहा स्क्रूंवर बसायचा. आता कित्येक मॉडेलांत तो प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी आतल्या बाजूने कव्हरला कायमचा जखडलेला असतो. दुरुस्तीवाले या कव्हरला ‘सी पॅनल’ म्हणतात. बनवताना चार पैसे आणि अर्धा मिलिमीटर वाचावा म्हणून केलेली ही सोय, तिची किंमत मात्र पुढे वापरणाऱ्याच्या खिशातून जाते.

काम शेवटी डिचोलीच्या बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात झाले. तिथल्या मुलाने काउंटरवर दोन कीबोर्ड शेजारी शेजारी ठेवले. ‘‘ताई, मॉडेल दोन्हींवर एकच आहे. पण हातात घेऊन बघा.’’ एक दोन्ही टोकांना धरला तर वहीच्या पुठ्ठ्यासारखा वाकला. दुसऱ्याचा पत्रा जड, मागे लेबल, लेबलवर बनवणाऱ्याचे नाव आणि पार्ट नंबर. पहिल्याच्या मागे नुसता बारकोड. किंमत जवळपास निम्मी. ‘‘हा कॉपी. चालेल, पण याला टेस्टिंग वॉरंटीच मिळते. माझ्यासमोर चालला की संपली.’’ मी जडवाला घेतला. त्याने जुन्या कीबोर्डच्या प्लॅस्टिकच्या खिळ्यांची डोकी एकेक करून पात्याने छाटली, नवा कीबोर्ड बसवून सोल्डरिंगच्या टोकाने उरलेले खुंट पुन्हा वितळवून दाबले, रिबन कनेक्टरमध्ये सरकवली आणि नखाने त्याचे चिमुकले काळे लॉक बंद केले. दुपारभर मान खाली घालून केलेले हे काम. कौशल्य म्हणतात ते हेच, आणि ते आपल्याच बाजारपेठेत आहे.

मराठी टाइप करणाऱ्याने तर बदललेला कीबोर्ड दुप्पट बारकाईने तपासायला हवा. भारतीय मानक ब्युरोने १९९१च्या मानकात स्वीकारलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताला बहुतेक स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने येतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला कडेची जी बटणे क्वचित लागतात त्यांवर आपली नेहमीची अक्षरे बसलेली आहेत. अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारी ट, तिरक्या रेषेवर य, आणि पीच्या उजवीकडे चौकोनी कंसाच्या बटणावर ड. म्हणजे पेडणे लिहा की डिचोली, ते एक बटण धड नसेल तर आपल्या तालुक्याचे नावही उमटणार नाही. स्वस्त आणि छोट्या लॅपटॉपांत जागा वाचवायला नेमकी हीच कडेची बटणे अरुंद करतात. डीच्या बटणावर हलन्त असतो. बहुतेक जोडाक्षरांना तो लागतो, त्यामुळे मराठीत ते बटण इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त राबते.

सुट्या बाजारात कधीकधी ब्रिटिश मांडणीचा कीबोर्डही येतो. त्याचे एंटर उभे आणि उंच असते. अशा कीबोर्डवर ‘डॉक्टर’मधला ॉ एंटरच्या वरून खाली, एंटरच्या डाव्या बाजूला सरकतो. वर्षानुवर्षे वळण लागलेली बोटे दर शब्दाला अडखळतात. तेव्हा दुकानदाराने इंग्रजीत चार अक्षरे टाइप करून ‘‘चालतो, बघा’’ म्हटले की लगेच पैसे काढू नयेत. आपली मराठी मांडणी सुरू करावी आणि एक अख्खा परिच्छेद तिथेच टाइप करावा. स्पेस, एंटर आणि शिफ्ट ही लांब बटणे दोन्ही टोकांना दाबून पाहावीत, सुमार मालाचे पितळ तिथेच उघडे पडते. मधोमध अंगठ्याने दाबून कीबोर्ड वाकतो का ते पाहावे. जुन्याला बटणांखाली दिवे होते तर नव्याला आहेत का आणि ते लागतात का, तेही.

आणि बिल घ्यावे. बिलावर पार्ट नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. २० जुलै २०२०पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ती ३० दिवस धरली जाते. विक्रेता दिल्लीचा असो की चेन्नईचा, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करावा. नवा भाग यायला दिवस लागणार असतील तर यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड जोडून काम चालू ठेवता येते. डीटीपीवाल्यांच्या टेबलांवर खणखणणारा टीव्हीएस गोल्ड हा असाच कीबोर्ड अनेकांना ठाऊक असेल.

पण प्रत्येकाने स्वतःपुरते सावध राहून भागणार नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण दाखवणे सक्तीचे झाले: तो किती सहज उघडतो, सुटे भाग मिळतात का, किती वर्षे मिळतात आणि काय भावाने. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि २०२४मध्ये दुरुस्तीयोग्यतेचा असाच निर्देशांक ठरवण्यासाठी समिती नेमली. तो निर्देशांक लॅपटॉपच्या खोक्यावर दिसायला हवा आणि त्यात कीबोर्ड सुटा बदलता येण्याला वेगळे गुण हवेत.

गोवा सरकारलाही यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मनोहर पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरोघर संगणक देणारे हे राज्य आहे. यापुढे सरकारी पैशातून शाळांसाठी वा कार्यालयांसाठी लॅपटॉप घेतले जातील तेव्हा निविदेत रॅमच्या शेजारी आणखी दोन ओळी घालाव्यात: कीबोर्ड सुटा बदलता आला पाहिजे आणि त्याचा मूळ भाग पाच वर्षे ठरलेल्या किमतीत मिळाला पाहिजे. पेडणे तालुक्यातल्या तुयेला इलेक्ट्रॉनिक्स उद्योग आणायचे तर सरकारने ठरवलेच आहे. त्या उद्योगांबरोबर सुट्या भागांचे एक कोठार आणि पेडणे-डिचोलीच्या आयटीआयमध्ये लॅपटॉप दुरुस्तीचा धड अभ्यासक्रमही यावा. डिचोलीच्या बाजारातल्या त्या मुलासारखी पोरे प्रत्येक तालुक्यात तयार झाली आणि त्यांच्या हाती अस्सल भाग पोचला, तर चालता लॅपटॉप केवळ चार बटणांपायी भंगारात जाणार नाही.