बाजारबुणग्यांची जागा

दिवाळी आली की आमच्या बेळगावात पोरे मातीचे किल्ले करू लागतात, हे इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. दगडविटा रचाव्यात, वर चिखल थापावा, हळीव पेरावे आणि मग बाजारात जाऊन गेल्या वर्षीच्या मावळ्यांत चार नव्या मावळ्यांची भर घालावी, असा हा क्रम. त्या भर घालण्याविषयीच दोन शब्द लिहावेत म्हणतो.

माझी बहीण ग्वाल्हेरला, लष्कर भागात दाल बाजाराजवळ राहते. तिचा मुलगा कॉलेजात शिकतो. मातीचे मावळे मागे पडले आणि त्याला प्लास्टिकचे सुटे भाग जोडून लष्करी प्रतिकृती करण्याचा नाद लागला. एकास बहात्तर मापाची विमाने, एकास पस्तीस मापाचे रणगाडे. या दुसऱ्या मापात साडेपाच फुटी शिपाई सुमारे पाच सेंटिमीटरचा होतो, आणि त्याच्या कोटाचे बटणही रंगवावे लागते. काम चिकाटीचे आहे. पोरगा त्यासाठी वाचतो, नकाशे पाहतो, कोणत्या पलटणीचा गणवेश कसा होता हे शोधतो. तेव्हा या नादाला 'खेळणी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर चक्क एक पुस्तक लिहिले होते.

गेल्या खेपेस मी त्याला म्हटले, "संग्रहात एक नवा नग माझ्यातर्फे घे." त्याने यादी पुढे केली. अकरा रणगाडे होतेच, त्याला बारावा हवा होता. मी विचारले, "अरे, हे सगळे जेवतात काय?" तो हसून म्हणाला, "मामा, राशनची गाडी कपाटात ठेवून कोण बघणार?"

या प्रश्नाचे उत्तर त्याच्या खिडकीखालीच होते. खाली दाल बाजार. पोत्यांच्या थप्प्या, तराजू, पाठीवर ओझे घेतलेले पल्लेदार, म्हणजे आपले हमाल. आणि ज्या वस्तीत हा बाजार भरतो तिचे नावच मुळी लष्कर! १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्या तळाचे पुढे शहर झाले. फौज आली की तिच्यामागे वाणी, तेली, लोहार, पखालजी, बैलवाले यायचेच. फौजा गेल्या, शिंद्यांचे राज्यही विलीन झाले. पण डाळीचे दुकान अजून उघडेच आहे.

मराठीत या मागून येणाऱ्या लोकांना आपण काय म्हणतो? बाजारबुणगे. हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना बुणग्यांच्या माथी खापर फोडण्याची तर आपल्याला सवयच झाली आहे. लढाऊ फौजेच्या गळ्यात यात्रेकरूंचा आणि बायकामुलांचा मोठा भार होता, हे खरे. पण दुसरी बाजूही पाहावी. १७६० च्या नोव्हेंबरपासून दोन महिन्यांहून अधिक काळ भाऊसाहेबांची फौज पानिपतला अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी आपले लोक उपाशीपोटी लढाईला उभे राहिले. तलवारी कमी पडल्या त्याच्या आधी धान्य कमी पडले होते. धान्य आणणारा माणूस हा फौजेवरचा भार नव्हता, तो फौजेचा प्राण होता.

त्याच रणातून महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊनही जगले, ते कोणामुळे? राणेखान नावाच्या एका भिस्त्यामुळे. पाणी वाहणाऱ्या त्या माणसाने जखमी महादजींना आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले, असे सांगतात. महादजींनी पुढे त्याला भाई मानले, सरदारकी दिली. १७८८ मध्ये गुलाम कादिराविरुद्ध दिल्लीवर गेलेल्या फौजेचे नेतृत्व याच राणेखानाकडे होते. ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीचा पुढचा सारा इतिहास असा एका पखालीच्या बैलाच्या पाठीवरून आलेला आहे. भाच्याच्या कपाटात त्या बैलाला जागा नसावी?

कोणी म्हणेल, अशा वस्तू मिळतच नाहीत. मिळतात. जपानच्या तामिया कंपनीने एकास पस्तीस मापात जर्मन सैन्याचे फिरते स्वयंपाकघरही काढले आहे. तोटा असलाच तर तो आपल्या नजरेचा आहे. आणि बघणार कोण, या प्रश्नाचे उत्तर तर ग्वाल्हेरच्याच जयविलास राजवाड्यात आहे. तिथल्या मेजवानीच्या टेबलावर चांदीची चिमुकली आगगाडी ठेवली आहे. पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट फिरवणे एवढेच तिचे काम. म्हणजे ती रसदेचीच गाडी! वाड्यात शस्त्रे काय थोडी आहेत? पण लोक ती गाडी आवर्जून बघतात.

हा हट्ट मी केवळ कपाटाच्या शोभेसाठी धरलेला नाही. आपण बेळगावचे लोक मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राशेजारी वाढलो. लष्कर म्हणजे नुसती बंदूक नव्हे, हे आपल्याला कळायला हवे. तरीही सीमेवर काही घडले की घरबसल्या युद्धाची हाक देणाऱ्यांत आपणही असतो. बर्फातल्या चौकीवर डाळ-तांदूळ कोण पोचवतो, जखमीला कोण उचलतो, मागे राहिलेल्यांचे काय होते, हे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत. लहानपणापासून आपल्या किल्ल्यावर फक्त तलवारवालेच उभे असतात, त्याचा हा परिणाम नसेल कशावरून? संग्रह करणारा जे मांडतो त्यालाच तो युद्ध समजू लागतो, आणि बघणाराही.

म्हणून विद्यार्थी मित्रांना सुचवावेसे वाटते. रणगाडे जरूर घ्या, मावळेही मांडा. पण यंदाच्या नव्या भरतीत एक भिस्ती, एक आचारी, एक पोते वाहणारा हमाल असू द्या. विकत मिळाला नाही तर मातीचा करा.

भाच्याला हे सगळे पत्राने कळवले. त्याचे उत्तर आले आहे. विचार पटला, असे लिहितो; पण बाजारातला मातीचा बैल एकास पस्तीसच्या मापात बसत नाही, ही त्याची तक्रार आहे. तक्रार रास्त आहे. आता मापाचा बैल घडवायचे काम माझ्याकडे आले आहे.