थायलंडचा शिक्का आणि पाश्चात्त्यांचा कांगावा

थायलंडमधील चियांग माई, पट्टाया किंवा हुआ हिन येथील इमिग्रेशन कचेरीत सकाळच्या वेळी डोकावणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसते. साठी-सत्तरी ओलांडलेले गोरे वृद्ध आपला क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहत बसलेले असतात. काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलमध्ये पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स प्रती, बँकेचे पत्र, ताज्या नोंदी भरून आणलेले पासबुक, राहत्या घराचा नकाशा आणि छायाचित्र. ज्यांच्या पूर्वजांनी निम्म्या जगावर राज्य केले, ते आता आणखी एका वर्षाच्या मुक्कामासाठी एका तरुण थाई अधिकाऱ्यासमोर उभे आहेत.

या रांगेतून गेली काही वर्षे एक तक्रार सातत्याने उठत आहे. आम्ही या देशात पैसा आणतो, कुणाची नोकरी हिरावून घेत नाही, दहा-पंधरा वर्षे येथे राहतो आहोत. मग दरवर्षी आमच्यावरच हा अविश्वास का, असा तिचा सूर असतो. मानवतावादाचा ठेका घेतलेली मंडळी या सुरात सूर मिसळतात आणि थायलंडला परकीयद्वेष्टे ठरवून मोकळी होतात. वृद्धांची अडचण खरी आहे, त्यांचे दुःखही खरे आहे. परंतु त्या दुःखाचा जाब ज्याला विचारायला हवा तो नामानिराळा राहतो आणि ज्याने आश्रय दिला त्याच्या नावाने बोटे मोडली जातात. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार तपशिलात जाऊन तपासायला हवा.

मागितले काय जाते?

पन्नाशी पूर्ण केलेल्या परकीय नागरिकास निवृत्त म्हणून थायलंडमध्ये एकेका वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी त्याने थाई बँकेत ८ लाख बाट ठेवावेत, अथवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे, अथवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख भरावेत. भारतीय चलनात ही रक्कम वीस लाख रुपयांहून अधिक होते. मुदतवाढीचे शुल्क १,९०० बाट. मिळालेल्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. परकीयाला घरात ठेवणाऱ्या मालकाने २४ तासांत त्याची वर्दी द्यावी, असे १९७९ चा थाई इमिग्रेशन कायदा सांगतो. पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकले, तर पदरी असलेली मुदतवाढ तेथेच संपते.

या अटींत जुलूम कोणता? पाहुणा आपल्या खर्चाने राहील, आजारी पडला तर यजमानाच्या तिजोरीवर भार टाकणार नाही, कोठे राहतो हे सांगेल आणि स्थानिकाच्या पोटावर पाय देणार नाही, एवढेच यातून विचारले जाते. थायलंड परकीय व्यक्तीला आपली जमीन विकत देत नाही. इमारतीतील सदनिका देतो, पण तीही एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. विसाव्या शतकापर्यंत ज्या देशाने भोवतीचे सर्व शेजारी युरोपीय सत्तांच्या घशात जाताना पाहिले आणि स्वतःचे स्वातंत्र्य तेवढे राखले, तो आपल्या जमिनीबाबत सावध असेल तर त्यात नवल ते काय?

दार कुणी बंद केले?

थायलंडला उपदेश करणाऱ्यांनी आधी आपल्या घराच्या दाराकडे पाहावे. ब्रिटनमध्येही एकेकाळी परकीय निवृत्तांसाठी स्वतंत्र मार्ग होता. साठ वर्षे पूर्ण, वर्षाला २५ हजार पौंडांचे खात्रीचे उत्पन्न आणि ब्रिटनशी जवळचा संबंध, अशा त्याच्या अटी होत्या. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटनने हा मार्गच बंद केला. ऑस्ट्रेलियाने आपला जुना निवृत्ती व्हिसा २००५ मध्ये नव्या अर्जदारांना बंद केला आणि गुंतवणूकदार निवृत्तांसाठी उरलेला दुसरा मार्ग जून २०१८ मध्ये. अमेरिकेत तर असा व्हिसा नाहीच. म्हणजे ज्या देशांचे नागरिक चियांग माईच्या कचेरीत फाइल घेऊन बसतात, त्या देशांत एखादा थाई निवृत्त शिक्षक आपली जन्माची पुंजी घेऊन गेला, तरी निवृत्त म्हणून अर्ज करण्यासाठी त्याला खिडकीच नाही. थायलंडची खिडकी निदान उघडी आहे.

मराठी घरांना या दांभिकतेचा वेगळा अनुभव आहे. पुण्या-ठाण्यातील कित्येक वृद्ध आईवडिलांची मुले ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत. म्हातारपणी मुलाजवळ राहावे असे वाटणाऱ्या या मातापित्यांसाठी जुलै २०१२ मध्ये ब्रिटनने जो नियम केला, तो वाचण्यासारखा आहे. वय, आजार वा अपंगत्वामुळे आईवडिलांना रोजच्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याच्या मदतीची गरज असली पाहिजे. शिवाय मुलाने पैसे पाठवूनही ती मदत मायदेशात मिळू शकत नाही, हे सिद्ध झाले पाहिजे. मुलगा सधन असेल तर तुझ्या पैशातून तिकडेच माणूस ठेव, असे उत्तर मिळते. आणि सधन नसेल तर सरकारी मदतीविना आईवडिलांना पोसण्याची हमी तो देणार कशी? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती याहून वेगळी नसते. थायलंड वृद्धाला पैसे दाखव आणि राहा म्हणतो. लंडन म्हणते, पैसे दाखवलेस म्हणूनच येऊ नकोस.

गोठलेले निवृत्तिवेतन

आता त्या रांगेतील वृद्धाच्या खऱ्या दुखण्याकडे वळू या. ब्रिटिश सरकारचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर दरवर्षी वाढते. पण ते मायदेशात राहणाऱ्यांना आणि काही निवडक देशांत गेलेल्यांना. थायलंड त्या यादीत नाही. तेथे गेलेल्याचे वेतन ज्या आकड्यावर असेल तेथेच गोठते. एप्रिल २००० मध्ये पूर्ण मूळ निवृत्तिवेतन आठवड्याला ६७.५० पौंड होते. एप्रिल २०२५ मध्ये ते १७६.४५ पौंड झाले. २००० साली निवृत्त होऊन थायलंडला गेलेल्या माणसाला पंचवीस वर्षांनंतरही तेच ६७.५० पौंड मिळत राहिले. महिन्याचे तीनशे पौंडही न भरणारे हे उत्पन्न ६५ हजार बाटच्या अटीच्या पासंगालाही पुरत नाही. दोघांनीही तीच वर्गणी तेवढीच वर्षे भरलेली असते. शेजारच्या फिलिपीन्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश वृद्धाला मात्र वाढ मिळते, कारण त्या देशाशी करार आहे!

हा अन्याय जगभरातील सुमारे साडेचार लाख वृद्ध सोसत आहेत. प्रकरण ब्रिटिश न्यायालयांतून युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २०१० मध्ये तेथेही वृद्धांच्या विरोधात निकाल लागला. भारताचे नावही त्या गोठलेल्या यादीतच आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तीस-तीस वर्षे ब्रिटनच्या कारखान्यांत आणि रुग्णालयांत राबून उतारवयात गावी परतलेल्या भारतीयाचे निवृत्तिवेतनही असेच गोठते. मानवाधिकारांचे पाठ जगाला देणाऱ्या राष्ट्राने आपल्याच वृद्धांच्या हक्काच्या पैशावर मारलेला हा डल्ला आहे.

एवढ्यावर भागले नाही. पूर्वी मासिक उत्पन्नाचा पुरावा म्हणून स्वतःच्या दूतावासाचे पत्र चालत असे. या पत्रांतील उत्पन्नाची खातरजमा दूतावासांनी करावी, अशी रास्त अपेक्षा थाई अधिकाऱ्यांनी व्यक्त केली. त्यावर २०१८ च्या अखेरीस ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दूतावासांनी अशी खातरजमा आम्हाला शक्य नाही असे सांगून पत्रे देणेच थांबवले. स्वतः दिलेले निवृत्तिवेतन किती, हे स्वतःच्या नागरिकाला लिहून द्यायला या सरकारांना जमू नये? वर्षानुवर्षे याच पत्रांवर विसंबलेल्या वृद्धांना मग दरमहा परदेशातून पैसे वळते करून त्यांचा बँक-दाखला तरी जमवावा लागला, नाहीतर ८ लाख बाट तरी उभे करावे लागले. तरीही शिव्याशाप कुणाला? थायलंडला!

थायलंडही निर्दोष नाही

यजमानाचा हक्क मान्य केला म्हणजे यजमानाची प्रत्येक चूक मान्य केली असे होत नाही. मार्च २०१९ पासून थायलंडने नियम कडक केला. ८ लाखांची ठेव अर्जापूर्वी दोन महिने आणि मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने अबाधित राहिली पाहिजे, आणि उरलेल्या काळातही ती ४ लाखांखाली जाता कामा नये. यामुळे झाले असे की वृद्धाची निम्मी पुंजी कायमची अडकून पडली. त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयाने पैसे मागितले, तर नेमक्या त्या पैशाला हात लावताच त्याचा मुक्कामाचा हक्क धोक्यात येतो. म्हातारपणाच्या आजारासाठीच जी ठेव, तीच आजारात वापरता येऊ नये, हे शहाणपणाचे नाही. शिवाय एका कचेरीत चाललेला कागद दुसऱ्या कचेरीत चालत नाही, आणि जेथे नियम धूसर असतो तेथे पैसे घेऊन काम करून देणारे दलाल उभे राहतात. अशा वेळी पैसा नसलेला बदमाश मागच्या दाराने आत राहतो आणि प्रामाणिक वृद्ध पुढच्या दारात घाम पुसत बसतो.

याच थायलंडने पूर्वी उदारता दाखवली होती, हेही नमूद करायला हवे. ऑक्टोबर १९९८ पूर्वीपासून अखंड राहत आलेल्या निवृत्तांना नव्या मोठ्या रकमेऐवजी जुनी, बरीच कमी रक्कमच लागू ठेवण्यात आली. शब्द देऊन बोलावलेल्या पाहुण्यासाठी मध्येच नियम बदलू नये, हा त्यामागचा विचार योग्य होता. तो २०१९ मध्येही पाळला जायला हवा होता. नियम कठोर असण्याला हरकत नाही, पण तो स्थिर हवा आणि सर्वांना एकच हवा.

भारताने काय घ्यावे?

थायलंडच्या या अनुभवाचा भारताशी थेट संबंध आहे. भारतात निवृत्तांसाठी स्वतंत्र व्हिसा नाही. तरीही गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे हिवाळा काढणारे युरोपीय वृद्ध आहेत. ते पर्यटक म्हणून येतात, मुदत संपताच जातात आणि पुन्हा येतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेकांनी तेथे घरेही घेतली. पर्यटक व्हिसावर आलेल्या परकीयाला भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही, हे त्यांतील कित्येकांना व्यवहार झाल्यावर, चौकशी दारात आल्यावर कळले. कायदा स्पष्ट असूनही दलाल आणि नोंदणी कचेऱ्या डोळ्यांवर कातडे ओढून बसल्या, आणि भोवले ते कुणाला? एकीकडे पुंजी अडकलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याला, दुसरीकडे वाढलेल्या भावांमुळे स्वतःच्याच गावात घर घेऊ न शकणाऱ्या गोमंतकीय तरुणाला.

पाहुण्याची चौकशी का करावी, हे तर मुंबईने रक्त सांडून शिकले आहे. डेव्हिड हेडली अमेरिकन पासपोर्ट आणि भारतीय व्हिसा घेऊन उजळ माथ्याने मुंबईत आला. ताडदेवला त्याने थाटलेली कचेरी इमिग्रेशन सल्लागाराची होती! त्या आडोशाने त्याने २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी शहराची टेहळणी केली. तो ऑक्टोबर २००९ मध्ये पकडला गेला, तोही शिकागोत. त्यानंतर भारताने दोन पर्यटक-भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले आणि २०१२ च्या अखेरीस बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी तो नियम मागे घेतला. आधी बेपर्वाई, मग सरसकट बंदी, मग सरसकट माघार. यात शत्रू हुडकला गेला नाही आणि गोव्यातील निरुपद्रवी वृद्ध मात्र हकनाक भरडला गेला.

१ सप्टेंबर २०२५ पासून भारतात नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा लागू झाला आणि १९४६ चा ब्रिटिशकालीन परकीय नागरिक कायदा इतिहासजमा झाला. घरी उतरलेल्या परकीयाची वर्दी २४ तासांत देण्याची पद्धत भारतातही जुनीच आहे. प्रश्न ती पाळण्याचा आहे. ज्या परकीय वृद्धाला भारतात उरलेले आयुष्य शांतपणे घालवायचे आहे, त्याच्यासाठी पर्यटनाच्या बुरख्याऐवजी एक सरळ दार असावे. उत्पन्नाची अट असावी, आरोग्यविम्याची असावी, जमीन न घेण्याची असावी आणि पत्ता कळवण्याची तर असावीच. मात्र एकदा दिलेल्या अटी त्या माणसाच्या हयातीत बदलू नयेत, आणि आजारपणात ठेव वापरण्याची मुभा तिच्यातच लिहिलेली असावी. त्याचबरोबर ब्रिटनशी वाटाघाटीला बसताना, तेथे घाम गाळून परतलेल्या भारतीयांच्या गोठलेल्या निवृत्तिवेतनाचा विषय भारत सरकारने ठामपणे पुढे ठेवला पाहिजे. फिलिपीन्सला जे मिळाले ते भारताला का मिळू नये?

दारात कोण आले हे विचारणे हा घरधन्याचा अधिकार आहे. तो अधिकार बजावल्याबद्दल थायलंडने खजील होण्याचे कारण नाही आणि भारतानेही नाही. चियांग माईच्या कचेरीत बसलेल्या वृद्धाने आपली फाइल जरूर पुढे करावी. पण तक्रारीचा अर्ज मात्र लंडनच्या पत्त्यावर धाडावा.