अंगणवाडीतले अंगण कोठे गेले?

शिशुवर्गाच्या प्रवेशांचा हंगाम आला की शहरातील सुशिक्षित घरांमध्ये मोठी धांदल उडते. ज्या मुलाची बोटे अजून पेन्सिल पेलण्याइतकी तयार झालेली नाहीत, त्याच्याकडून परक्या भाषेतील अक्षरे घोटून घेतली जातात आणि शेजारचे मूल शंभरापर्यंत आकडे म्हणते या वार्तेने आई-वडिलांची झोप उडते. तिकडे डहाणू-जव्हारच्या पाड्यावर त्याच वयाचे मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन अंगणवाडीच्या दाराशी येते, खिचडी घेते आणि परत जाते. एका ठिकाणी अतिरेकी घाई, दुसऱ्या ठिकाणी उपेक्षा. मात्र दोन्ही ठिकाणी मुलाकडे निरखून पाहण्यास कोणालाही सवड नाही.

हे निरखून पाहणे म्हणजेच बालविकासाचे शास्त्र. ते आपल्याकडे केवळ विद्यापीठांच्या ग्रंथालयांत वाढलेले नाही. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. तेथेच ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसोरीबाईंच्या विचारांचा प्रभाव या दोघांवर होता, तो त्यांनी कधी लपविला नाही. परंतु महागडी साधने हा त्या पद्धतीचा प्राण नव्हे, हेही त्यांनी ओळखले होते. दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गीय मुले येत होती, काम उत्तम चालले होते. अशा वेळी वयाची पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. बालवयातच वैधव्य आलेल्या या शिक्षिकेने पुढे सारे आयुष्य याच कामाला दिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. अशा वेळी मुलांच्या पालकांना अडाणी ठरवून हात झटकणे सर्वांत सोपे असते. या दोघींनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. आधी मुलांना न्हाऊ-माखू घालायचे, नखे काढायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. शंखशिंपले, खडे, बिया, पाने हेच शैक्षणिक साहित्य. शाळा अंगणात भरत असल्याने आई घरकाम करता करता ते पाहत असे आणि आपल्या लेकराला काय येते हे तिला प्रथमच दिसत असे. ‘अंगणवाडी’ ही अशी जन्माला आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजात गेले, तेव्हा आणखी एक पेच उभा राहिला. थोरली मुले गुरे राखायला जात आणि थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळत. मग गुरांमागे कुरणशाळा गेली आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र गुंफून विकासवाडी उभी राहिली. वनवासी मुलाचे कुटुंब व त्याचे कष्ट हा शिक्षणातील अडथळा न मानता त्यांनाच शिक्षणाचा पाया मानण्याचे हे धाडस होते. त्या काळी ते किती जणांच्या पचनी पडले असेल, हा प्रश्नच आहे.

कुटुंब हीच बालकाची पहिली शाळा, ही जाणीव या भूमीला नवी नाही. कौमारभृत्य हे आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग आहे. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगणाऱ्या गृह्यसूत्रकारांनी मुलाच्या वाढीचे टप्पे निश्चितच बारकाईने न्याहाळले होते. आजचे बालरोगतज्ज्ञही वरचे अन्न याच सुमारास सुरू करा म्हणतात. मात्र पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणून छाती फुगविणाऱ्यांनी आपल्या घरात एकदा डोकावावे. आजी गावाकडे, आजोबा दूरचित्रवाणीसमोर, आई-वडील कार्यालयात आणि मुलाच्या हाती भ्रमणध्वनी! उष्टावणाचा सोहळा सभागृहात थाटाने होतो, पण रोजचा घास मात्र पडद्यावरील चित्रे दाखवून भरविला जातो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी ३३ प्रकल्प होते. आज देशात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. लसीकरण व पूरक आहार यांबाबतीत या योजनेने केलेले काम नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण अंगणवाडी हे नाव घेताना त्यातील अंगण मागे राहिले. सेविकेने वजन करायचे, नोंदवह्या भरायच्या, आता भ्रमणध्वनीवर ‘पोषण ट्रॅकर’ही भरायचा, शिवाय सर्वेक्षणाची नाना कामे. यातून वेळ उरलाच तर मुलांना शिकवायचे. तिला वेतन नाही, मानधन मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या, तेव्हा कित्येक आठवडे अंगणवाड्या बंद राहिल्या. एखाद्या महानगरातील नामवंत शिशुवर्ग आठवडाभर जरी बंद राहिला असता, तर केवढा गहजब झाला असता! सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगायलाही एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले.

कायद्याची भाषाही बोलकी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला. तीन ते सहा वयोगटासाठी मात्र शासन आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हटले. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण स्वतःच नमूद करते. म्हणजे वाढीचा ऐन काळ ऐच्छिक आणि नंतरचा काळ हक्काचा! या धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला व मातृभाषेवर भर दिला, हे स्वागतार्हच. २०२४ मध्ये ‘आधारशिला’ अभ्यासक्रमही आला. पण प्रमाण मराठी हीसुद्धा पाड्यावरील मुलाची मातृभाषा नव्हे. वारली बोलणाऱ्या मुलाला सेविकेने त्याच्याच बोलीत गोष्ट सांगितली नाही, तर अभ्यासक्रमाचे पुस्तक कपाटातच राहणार.

बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम या धोरणातच सुचविला आहे. तो तालुक्याच्या सभागृहात काही व्याख्याने ऐकवून उरकता कामा नये. मूल कसे बसते, कोणाशी भांडते, कोणत्या शब्दाला अडते, याची टिपणे काढायला सेविकेला शिकवावे. त्यासाठी नोंदवह्यांचे ओझे उतरवून दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावे आणि तिच्या मानधनाचे वेतन करावे. गावातील आज्यांनाही आठवड्यातून एकदा तरी गोष्टी सांगायला बोलवावे. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.