अ‍ॅमस्टरडॅमला जाताय? मग आधी कोल्हापूरला जाऊन या

भारतातून कुणीही परदेशी निघालं की त्याच्या खिशात नाशिकरोडची एक वस्तू असते. पासपोर्ट. तो आमच्या इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. आमच्याकडे ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रेस म्हणजे नोटा, स्टॅम्प आणि पासपोर्ट, आणि सकाळच्या पाळीला जाणारे कुणाचे तरी वडील. म्हणजे अख्ख्या देशाला जगात जायची वही आम्ही छापून देतो. पण तिकडे जाऊन पाहायचं काय, याची यादी मात्र आम्ही दुसऱ्याकडून छापील घेतो.

माझं भांडण त्या यादीशी आहे.

अ‍ॅमस्टरडॅमची यादी तुम्हालाही पाठ असेल. काचेच्या छपराच्या बोटीतून कालव्यांची फेरी. झान्स स्कान्सच्या पवनचक्क्या, तिथेच चीज चाखणं आणि लाकडी बुटांसोबत फोटो. वसंतात गेलात तर क्युकेनहॉफची ट्युलिप्स, जिथे काका लोकांना हटकून ‘सिलसिला’ आठवतो. संध्याकाळी सातला भारतीय जेवण. ही झाली आईबाबांची यादी. आपल्या पिढीने त्यात सुधारणा केली म्हणे. आता फोनमध्ये तीन रकाने असतात: साइटसीइंग, कल्चर, फुटबॉल. सकाळी कालवे, दुपारी व्हॅन गॉग, संध्याकाळी स्टेडियम टूर. तिन्हीवर टिक झाली की रील तयार.

तीन रकाने हीच मुळात चूक आहे. त्या शहरात फुटबॉल आणि कल्चर हे दोन वेगळे रकाने नाहीत. आपण ते वेगळे करतो, कारण घरी आपल्याला तसंच शिकवलंय. नाशिकमध्ये संस्कृती म्हणजे कालिदास कलामंदिर, कुसुमाग्रज स्मारक, 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय. या तिन्हींबद्दल मला प्रेम आहे. पण मैदान? मैदान म्हणजे दहावीच्या वर्षी बंद करायची गोष्ट.

मी गेल्या वर्षी तिकडे दहा दिवस होतो. मावसभाऊ अ‍ॅम्स्टलव्हीनला राहतो, आयटीतल्या निम्म्या मराठी मंडळींसारखा. पहिल्याच दिवशी त्याने मला राइक्सम्युझियममध्ये ‘नाइट वॉच’समोर उभं केलं आणि म्हणाला, ‘हे कल्चर. तुझा फुटबॉल शनिवारी बघू.’

आता त्या चित्राचंच घ्या. रेम्ब्रांने 1642 मध्ये पूर्ण केलेलं हे चित्र म्हणजे काय आहे? शहरातल्या एका वॉर्डाच्या नागरी पथकाचा ग्रुप फोटो. मधोमध काळ्या कपड्यात कॅप्टन, शेजारी पिवळ्या झगझगीत पोशाखात लेफ्टनंट, मागे सदस्य. आपला चेहरा चित्रात यावा म्हणून सदस्यांनी पैसे भरले होते, आणि मागच्या कमानीवरच्या ढालीत अठरा नावं लिहिलेली आहेत. गणपतीत चौकात लागणारा मंडळाचा फ्लेक्स आठवा. अध्यक्ष मधे, उपाध्यक्ष शेजारी, खाली सदस्यांची नावं. रेम्ब्रां थोर म्हणून त्याने सगळ्यांना ओळीत उभं न करता धावपळीत पकडलं, काहींचे चेहरे अर्धे झाकले. फ्लेक्सवाल्याने असं केलं असतं तर मंडळाने त्याला पैसे दिले नसते.

हे चित्र टांगलं होतं त्या पथकाच्या स्वतःच्या सभागृहात, जिथे ते बंदुकीचा सराव करायचे. अशा जागेला डच भाषेत ‘डूलन’ म्हणत. ‘डूल’ म्हणजे नेम धरायचं लक्ष्य. आणि आज त्याच भाषेत फुटबॉलच्या गोलपोस्टलाही ‘डूल’च म्हणतात, गोलकीपर म्हणजे ‘डूलमन’. 1715 मध्ये हे चित्र नगरभवनात हलवलं, तेव्हा भिंतीवर मावेना म्हणून चारी बाजूंनी कापलं. वॉर्डातल्या पोरांचं मंडळ, त्यांची सरावाची जागा, त्यांचा फ्लेक्स. यातून संस्कृती झाली. काचेमागे ती नंतर गेली.

शनिवारची वाट न पाहता मी दुसऱ्या दिवशी बेटोनडोर्पला गेलो. हे नाव कुठल्याच यादीत नसतं. शहराच्या पूर्वेला 1920 च्या दशकात कामगारांसाठी काँक्रीटमध्ये बांधलेली वसाहत. नावाचा अर्थच ‘काँक्रीट गाव’. बैठी, दुमजली घरं, पुढे टीचभर बाग. आमच्या प्रेसच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या कुणालाही इथे परकं वाटणार नाही. 1947 मध्ये इथल्या एका भाजीवाल्याच्या घरी योहान क्रायफ जन्मला. आयाक्सचं जुनं मैदान, डी मेर, इथून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. (आपली पोरं ‘एजॅक्स’ म्हणतात. तिकडे म्हणू नका.) पोरगं मैदानावर पडीक असायचं, दहाव्या वर्षी क्लबात दाखल झालं. पुढे दोन वर्षांत वडील गेले, आणि आई त्याच क्लबात साफसफाईच्या कामाला लागली. 1971, 72 आणि 73 असे सलग तीन युरोपियन कप जिंकणारा संघ ज्या पोराभोवती उभा राहिला, त्याचं घर त्या क्लबानेच सावरलं होतं.

डी मेर आता नाही. 1996 मध्ये क्लब दक्षिण-पूर्वेच्या मोठ्या स्टेडियममध्ये गेला, ज्याला 2018 पासून क्रायफचं नाव आहे. जुन्या जागी घरं बांधली. पण त्या नव्या गल्ल्यांना नावं दिली ती जगातल्या गाजलेल्या स्टेडियमांची. वेम्बलीच्या नावाची गल्ली, अ‍ॅनफिल्डच्या नावाची गल्ली. मैदान विकलं गेलं तरी पत्त्यात राहिलं. मी तिथे तासभर नुसता पाट्या वाचत फिरलो, आणि मला खरं सांगायचं तर व्हॅन गॉगपेक्षा जास्त गलबलून आलं.

स्टेडियम टूर मी केली नाही. यावरून भावाशी वाजलं. त्याचं म्हणणं, एवढ्या लांब येऊन, नव्वद युरो व्हिसाला भरून, तू आत नाही गेलास? माझं म्हणणं, रिकामं स्टेडियम बघणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्सवर जाणं. खुर्च्या असतात, कमान असते, लग्न नसतं. त्यापेक्षा शनिवारी सकाळी त्याच्याच घराजवळच्या एका साध्या हौशी क्लबच्या मैदानाला उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता. दहा-अकरा वर्षांची पोरं खेळत होती, रेषेबाहेर आया-बाप कॉफी धरून उभे, आणि कँटीनच्या खिडकीमागे त्यांच्यातलेच दोन पालक, त्या दिवशी त्यांची पाळी म्हणून. तिकीट नाही. माझा भाचाही त्यात होता, डाव्या बाजूला. इथे पोरगं क्लबात घालणं हे वाचनालयाचं सभासद करण्याइतकं साधं असतं. मावसभाऊ चार वर्षं दर शनिवारी तिथे उभा राहतोय आणि तरीही मला म्हणतो, ‘कल्चर म्युझियममध्ये आहे.’

म्हणून सांगतो, आधी कोल्हापूरला जा.

महाराष्ट्रात ज्या एका शहराला ही गोष्ट अ‍ॅमस्टरडॅमकडून शिकावी लागली नाही, ते कोल्हापूर. तिथे संघांची नावं वाघ-सिंहांवरून नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तीच गणपती बसवते, तीच फुटबॉलचा संघ उतरवते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासून आहे. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की पेठा दुपारपासूनच तिकडे सरकायला लागतात. आजोबा पाटाकडीलचे असतील तर नातू पाटाकडीलचाच. (पाट म्हणजे कालवा. कालव्यांच्या शहराशी तुलना करायला याहून सोयीचं नाव मिळालं नसतं.) 2017 मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा होता, यात कोल्हापुरात कुणालाही नवल वाटलं नाही.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर एक दुपार बसलात की ‘नाइट वॉच’ कळतं. उलट्या क्रमाने ते होत नाही.

आता हरकत येणारच: तिथे हाणामाऱ्या होतात. होतात. समर्थक भिडतात, दगड येतात, पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो. मला ते गोड करून सांगायचं नाही; पोराला घेऊन गेलेला बाप त्या दिवशी काय भोगतो हे त्यालाच माहीत. पण हीच हरकत घेणारे अ‍ॅमस्टरडॅमचा स्कार्फ घालून फिरतात. आयाक्स आणि रॉटरडॅमचं फायनूर्ट यांच्या सामन्यांना 2009 पासून पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच नाही. सप्टेंबर 2023 मध्ये आयाक्स घरच्या मैदानावर तीन गोलांनी मागे असताना प्रेक्षकांनी मैदानात फटाके फेकले, सामना अर्धवट थांबवला, आणि उरलेला तीन दिवसांनी रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला. तिथे असं झालं की तो ‘पॅशन’, पेठेत झालं की ‘गुंडगिरी’. दोन्हीकडे ती गुंडगिरीच आहे. आणि त्यावर इलाज म्हणून डच लोकांनी फुटबॉल संस्कृतीतून वगळला नाही.

आमच्या नाशिकरोडला अशी हाणामारी होण्याचा प्रश्नच नाही, कारण भांडायला संघ नाहीत. प्रेक्षक मात्र भरपूर. 2019 च्या मे महिन्यात आयाक्स-टॉटनहॅम सेमीफायनलला रात्री साडेबाराला आमच्या बिल्डिंगमधल्या किमान चार खिडक्यांत निळा उजेड होता. एकोणीस वर्षांच्या डी लिख्टने कर्णधाराचा पट्टा बांधून पहिला गोल केला, मध्यंतराला एकूण तीन गोलांची आघाडी होती, आणि शहाण्णव्या मिनिटाला लुकास मोराने तिसरा गोल मारून सगळं संपवलं. पहाटे अडीच वाजता जेलरोडवर एक पोरगा खरोखर रडत होता. दोन गल्ल्या सोडून आमचं जे मैदान होतं, तिथे तेव्हा सेलचा मंडप होता.

गवत आमच्याकडे आहे. शहराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर लॉन्स आहेत, हिरवीगार, रोज पाणी मारलेली. ती एका संध्याकाळीपुरती भाड्याने मिळतात आणि त्यावर बॉल नेला तर वॉचमन शिट्टी मारतो. उरलेलं मैदान आधी सभेला, मग प्रदर्शनाला, मग आनंदमेळ्याला. मधल्या आठ दिवसांत पोरं खेळतात, पण मंडपाचे खड्डे आणि खिळे चुकवत. संबंधित कार्यालयात आम्ही तीनदा अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘मैदानाचं उत्पन्न काय?’

बेटोनडोर्पच्या त्या मैदानाचं उत्पन्न काय होतं? भाजीवाल्याचं एक पोरगं.

डिसेंबरात मावसभाऊ सहकुटुंब येऊन गेला. भाचा संध्याकाळी खाली उतरला. मेस्सीची जर्सी घातलेल्या आमच्या शेजारच्या पोराला त्याने अडखळत्या मराठीत विचारलं, ‘तुझा क्लब कुठला?’

‘बार्सिलोना.’

‘तो नाही. तू ज्यात खेळतोस तो.’

शेजारचं पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. ते दोघं पार्किंगमध्ये, दोन स्कूटर्सच्या मधल्या जागेला गोल मानून, अंधार पडेपर्यंत खेळले. नंतर भाच्याने वर येऊन एकच विचारलं: कोल्हापूरला किती वेळ लागतो? रात्रीच्या बसने सकाळी पोहोचतो, म्हटलं. यंदाचा मोसम सुरू झाला की त्या दोघांना घेऊन जाणार आहे. मावसभाऊ म्हणतोय, वाटेत पन्हाळा पण करू, तेवढंच कल्चर होईल.