विमान किती वाजता पोहोचते?

“डॉक्टर, विमान रात्री एकला सुटते आणि सकाळी सातला न्यूयॉर्क. सहा तास म्हणजे काय, एका झोपेत जाईन!” चौलच्या एक निवृत्त शिक्षिका लेकीकडे निघाल्या होत्या. वय ६८, जुना मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. मी हसलो, औषधांची चिठ्ठी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात. तिकिटावर मात्र सुटण्याची वेळ इथली आणि पोहोचण्याची तिथली. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. बाई आदल्या संध्याकाळी पाचला घराबाहेर पडल्या. विमानतळावरचे ताटकळणे, विमान, तिथल्या रांगा आणि मोटार धरून लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत साडेसव्वीस तास झाले.

विमानात त्यांनी आपल्या सकाळी आठच्या हिशेबाने इन्सुलिन घेतले. उतरल्यावर तिथेही सकाळच! पुन्हा ‘सकाळचे’ इन्सुलिन घेतले. दोहोंत अंतर जेमतेम साडेआठ तासांचे. दमल्यामुळे न जेवताच आडव्या झाल्या. घामाने भिजून थरथरू लागल्या तेव्हा लेकीने साखरपाणी पाजले, म्हणून निभावले. चूक त्यांची मानू नका. तिकीट दाखवा, असे मी म्हणायला हवे होते.

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो. त्याप्रमाणे इन्सुलिनची मात्रा व वेळ बदलावी लागते, आणि ती आपापल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. खालच्या सामानात ते गोठू शकते.

दुसरी गोष्ट पायांची. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. निरोगी माणसात हे प्रमाण सहा हजारांत एक, म्हणजे घाबरण्याजोगे नाही. पण आपल्याकडच्या आजीबाई शौचालयाचा संकोच म्हणून पाणीच पीत नाहीत आणि शेजारच्याला उठवायचे कसे म्हणून जागच्या हलत नाहीत! आतली हवा कोरडी असते. पाणी प्यावे, तासा-दीड तासाने उठावे, घोटे फिरवावेत. कुणी सांगितले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये. प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर तेल चोळत न बसता लगेच डॉक्टर गाठावा.

परदेशातल्या मुलांनाही सांगणे आहे. स्वस्तातले, दोन ठिकाणी विमान बदलण्याचे तिकीट काढण्यापूर्वी आईवडिलांचे घर ते तुमचे घर असे तास मोजा.

बाई आता परतीच्या वाटेवर आहेत. या वेळी तिकिटाची नक्कल आधी माझ्याकडे आली. इन्सुलिनच्या वेळा मी भारतीय घड्याळाप्रमाणे लिहून कळवल्या. त्यांचे जुने किल्लीचे घड्याळ त्या मनगटावर तसेच ठेवणार आहेत.