निळ्या नकाशाचे वस्त्र

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पिंपरीत उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे मोटारींचे कारखाने चाकणपर्यंत पसरले. या साऱ्या काळात हातांच्या कौशल्याची मोजदाद येथे केवळ उत्पादनाच्या हिशेबाने झाली. ज्या विद्येने यंत्रयुगाला त्याचे नकाशे पुरवले, तीच विद्या सुती वस्त्रावर समुद्र उमटवू शकते, हे येथील मुलांना शिकवले जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

ही विद्या म्हणजे सायनोटाइप. लोहाच्या क्षारांवर होणारा सूर्यप्रकाशाचा परिणाम अभ्यासताना सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ती शोधून काढली, आणि पुढल्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने ब्रिटनच्या किनाऱ्यावरील समुद्रशैवाले तिच्या साहाय्याने कागदावर उतरवून, छायाचित्रांनी युक्त असा जगातील पहिला मानला जाणारा ग्रंथ स्वहस्ते सिद्ध करण्यास प्रारंभ केला. हे काम १८५३ पर्यंत चालले. पुढे हीच निळाई अभियंत्यांच्या दप्तरात दाखल झाली. खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर शाईने काढलेला आराखडा संस्कारित कागदावर ठेवून उन्हात धरायचा आणि निळ्या भूमीवर पांढऱ्या रेषांची हुबेहूब नक्कल मिळवायची, हा शिरस्ता अमोनिया प्रिंट येईपर्यंत चालला.

वस्त्रावरील कृती साधी, परंतु ढिलाई न खपवून घेणारी आहे. खळ पूर्णपणे धुऊन काढलेल्या सुती कापडावर फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण मंद उजेडात सारखे फिरवून ते अंधारात वाळवावे, त्यावर शैवाल मांडून काच दाबावी आणि उन्हात ठेवावे. पिवळट हिरवा रंग करडा होऊ लागला की कापड पाण्यात खळबळावे. ऊन लागले तेथे निळाई धाग्यात ठाण मांडते, शैवालाखालचा भाग पांढरा उरतो. धुण्याच्या सोड्याने मात्र ही निळाई पिवळी पडते.

पिंपरी-चाकणच्या या पट्ट्यात समुद्र कोठला, असे कोणी विचारील. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून येऊन येथे स्थायिक झालेली कितीतरी कुटुंबे शिमग्याला गावी जातात. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम या शैवालाचे तपकिरी झुबके आणि पॅडिना या शैवालाचे पंखे वाढतात. त्यांतले लाटेने बाहेर टाकलेले तेवढेच मुलांनी आणावे. १९८७ साली संरक्षित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात मात्र कशालाही हात लावू नये.

यातून रोजगार किती निघेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि रोजगाराचे आश्वासन मी देत नाही. परंतु मायक्रॉनचा फरक ओळखणाऱ्या कामगाराच्या घरातील मुलाला, रसायनाचे प्रमाण, उन्हाचा अवधी आणि मांडणीचा तोल सांभाळून एखादी सुंदर वस्तू आपल्या हातांनी निर्माण करता येते, हा अनुभव शिक्षणाच्या मूळ हेतूला धरूनच आहे. महापालिकेच्या शाळा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी हा पाठ एकत्र चालवावा, सिद्ध झालेली वस्त्रे नागरिकांना पाहावयास मांडावीत, आणि या कामाची तरतूद येत्या अंदाजपत्रकातच व्हावी.