माल एक, खतावण्या दोन

पेढीचे जुने हिशेब डिस्कवर उतरविताना ती पुढे कोणत्या संगणकावर उघडली जाईल, याचा विचार सहसा होत नाही. विंडोज आणि मॅकिंटॉश यांची फायली नोंदविण्याची रीतच निराळी. १९८८ च्या आयएसओ ९६६० या प्रमाणाने त्यांत समेट घडविला. इंटेलचा प्रोसेसर संख्येचा लहान भाग आधी वाचतो, तर तत्कालीन मॅकिंटॉशमधला मोटोरोलाचा मोठा भाग आधी. म्हणून प्रत्येक फायलीचे स्थान व आकार हे आकडे दोन्ही रीतींनी, दोनदा लिहिले जातात. कोणालाच माघार घ्यावी लागली नाही!

नावांची मात्र कुचंबणा होती: मूळ पातळीवर आठ अक्षरे, पुढे तीन, तीही रोमन. मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट जोडणीने ६४ चिन्हांपर्यंतची देवनागरी नावेही शक्य झाली. त्यांत काना-वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. मॅकची एचएफएस ही सूची वेगळी. टोस्ट किंवा एमकेआयएसओएफएस यांसारखे सॉफ्टवेअर अशा सूच्या एकाच डिस्कवर लिहिते. फाइल साठते एकदाच. गोदामात माल एक, खतावण्या दोन.

केवळ मॅकसाठी लिहिलेली डिस्क विंडोज स्वतःहून वाचत नाही. तेव्हा ‘हायब्रिड’ हा पर्याय निवडावा, देवनागरी नावे असल्यास जोलिएट चालू ठेवावे आणि लेखन संपताच डिस्क ‘फायनलाइज’ करावी. तरीही हिशेबाच्या सॉफ्टवेअरची फाइल त्या सॉफ्टवेअरविना दिसेल, पण उघडणार नाही. खतावणीची पीडीएफ प्रत शेजारी अवश्य ठेवावी.